‘यू’ म्हणजे कोण? ‘वन’ म्हणजे किती?



इंग्रजीचा पेपर जवळ आला की आपण अवघड शब्दांच्या याद्या पाठ करायला बसतो. त्यात गैर काही नाही. एनडीएच्या लेखी परीक्षेत सामान्य क्षमता चाचणीच्या ६०० गुणांपैकी २०० गुण इंग्रजीचे असतात. पण वाक्यातील चूक शोधण्याचा प्रश्न समोर आला की आपल्याला अडवतात ते बहुतेक वेळा साधे शब्द. यू, वी, ही, दे, इट, वन, टू, सेकंड, हाफ. हे शब्द आपण पहिल्या-दुसऱ्या इयत्तेत शिकलो आणि ‘येतात’ असे समजून पुढे गेलो.

असे का होते? ‘रायफल’ हा शब्द कोणीही, कुठेही उच्चारला तरी डोळ्यांसमोर रायफलच येते. ‘तो’, ‘ते’, ‘आम्ही’ या शब्दांचे तसे नाही. कोण बोलतो, कोणाशी बोलतो, कुठे उभा राहून बोलतो, यावर त्यांचा अर्थ ठरतो. ‘मी’ हा शब्द तर बोलणारा बदलला की मालकच बदलतो. आकड्यांचेही काहीसे असेच आहे. नुसते ‘पाच’ म्हटले तर काहीच कळत नाही. पाच काय? पाच मिनिटे, पाच गोळ्या की पाचवा क्रमांक? म्हणून सर्वनाम आणि संख्या वापरताना बोलणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने दोघांनीही जागे असावे लागते. वर्गात चूक झाली तर एक गुण जातो. रणांगणावर काय जाते, ते पुढे पाहू.

यू : तू, तुम्ही की आपण?

मराठीत धाकट्या भावाला ‘तू’, काकांना ‘तुम्ही’ आणि समारंभातल्या पाहुण्यांना ‘आपण’. इंग्रजीत तिघांनाही ‘यू’. पूर्वी इंग्रजीतही हा फरक होता. एका माणसाला सलगीने ‘दाउ’ म्हणत आणि अनेकांना किंवा एखाद्या मोठ्या माणसाला ‘यू’. हळूहळू जो तो दुसऱ्याला मान देण्यासाठी ‘यू’ म्हणू लागला आणि सतराव्या शतकाच्या सुमारास रोजच्या बोलण्यातून ‘दाउ’ मागे पडला. म्हणजे आजचा ‘यू’ मुळात ‘तू’ नसून ‘तुम्ही’ आहे! म्हणूनच एकाच माणसाशी बोलतानासुद्धा इंग्रजीत ‘यू आर’ असे अनेकवचनी क्रियापद येते.

पण या सोयीबरोबर एक अडचण आली. पूर्ण स्क्वाडसमोर उभे राहून कोणी ‘यू विल रिपोर्ट ॲट सिक्स’ असे म्हटले, तर एकाने यायचे की सगळ्यांनी? बोलणाऱ्याची नजर एका कॅडेटवर असेल तर बाकीचे निश्चिंत होतात. सर्वांवर असेल तर सगळे सहा वाजता हजर. अर्थ शब्दात नसून नजरेत आहे, आणि मागच्या रांगेतल्या कॅडेटला ती नजर दिसत नाही. म्हणून चांगला सीनियर ‘यू’ म्हणून थांबत नाही. तो ‘ऑल ऑफ यू’ म्हणतो, किंवा सरळ नाव घेतो. ‘यू’चा आणखी एक उपयोग आहे. ‘यू कॅनॉट क्लाइंब अ रोप विथ वेट हँड्स’ या वाक्यात समोरच्याला काही सांगितलेले नाही. इथे ‘यू’ म्हणजे कोणीही. ओल्या हातांनी दोर चढता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

वी : आम्ही की आपण?

या बाबतीत मराठी मुलांच्या हाती एक हत्यार आहे. ‘आम्ही सिनेमाला चाललो’ आणि ‘आपण सिनेमाला चाललो’ यांतला फरक शेंबडे पोरही सांगेल. पहिल्या वाक्यात ऐकणारा घरीच राहणार, दुसऱ्यात तोही जाणार. इंग्रजीच्या ‘वी’मध्ये हा फरक नाही. हिंदीच्या ‘हम’मध्येही नाही. आपल्या बरॅकमधल्या मित्रांना विचारून पाहा. तमिळ मित्र ऐकणाऱ्याला धरून ‘नाम्’ म्हणेल आणि वगळून ‘नांगळ्’. तेलुगू मित्राकडे ‘मनम’ आणि ‘मेमु’ आहेत. गुजराती मित्र ‘आपणे’ आणि ‘अमे’ म्हणेल. भारतातल्या कितीतरी घरांत जो भेद मूल बोलायला लागताच शिकते, तो इंग्रजीत मुद्दाम शब्द घालून दाखवावा लागतो.

‘वी मूव्ह ॲट डॉन’ असे ऐकले की मनात पहिला प्रश्न हाच यायला हवा : या ‘वी’मध्ये मी आहे का? राजे-महाराजे स्वतः एकट्यालाच ‘वी’ म्हणत, जसे आपल्याकडे जुन्या आज्ञापत्रांत ‘आम्ही’ येते. डॉक्टर किंवा नर्स आजारी कॅडेटला विचारतात, ‘हाउ आर वी फीलिंग टुडे?’ तिथे ‘वी’ म्हणजे फक्त तो कॅडेट! एका शब्दात एवढे अर्थ सामावलेले आहेत.

आपल्या संविधानाच्या उद्देशिकेची सुरुवातही ‘वी’ने होते. मराठीत तिथे ‘आम्ही’ आहे. आपण सगळेच त्यात आहोत, मग ‘आपण’ का नाही? कारण तिथे भारताचे लोक एकमेकांशी गप्पा मारत नाहीत, ते जगासमोर निर्धार जाहीर करत आहेत. आणि शेवटी ते संविधान अर्पण करतात तेही स्वतःलाच. देणारा आणि घेणारा एकच आहे, हे त्या शेवटच्या सर्वनामामुळे कळते. लहान शब्दावर केवढा भार असू शकतो, याचे यापेक्षा मोठे उदाहरण मिळणार नाही.

ही, हिज, दे : नेमके कोणाचे?

‘राम टोल्ड श्याम दॅट ही हॅड फेल्ड.’ सांगा पाहू, नापास कोण झाला? इंग्रजी वाक्य दोन्ही बाजूंनी लागते. मराठीत ‘आपण नापास झालो, असे रामने श्यामला सांगितले’ म्हटले की राम नापास झाला. ‘तू नापास झालास, असे सांगितले’ म्हटले की श्याम. तसेच ‘रामने आपली बॅग उचलली’ आणि ‘रामने त्याची बॅग उचलली’. इंग्रजीत दोन्हीकडे ‘हिज बॅग’. म्हणून इंग्रजीत निबंध किंवा रिपोर्ट लिहिताना एका वाक्यात दोन पुरुष आले की ‘ही’ टाळावे आणि नाव पुन्हा लिहावे. नाव दोनदा आले तर वाक्य थोडे जड होईल, पण गोंधळ होणार नाही.

जुन्या नियमपुस्तकांत सगळीकडे ‘ही’ आणि ‘हिज’ दिसते. म्हणजे ते नियम मुलींना लागू नाहीत का? याचे उत्तर १८९७ च्या सामान्य वाक्यखंड अधिनियमाने, म्हणजे जनरल क्लॉजेस ॲक्टने देऊन ठेवले आहे. विषय किंवा संदर्भ आड येत नसेल, तर केंद्रीय कायद्यातील पुल्लिंगी शब्दात स्त्रियाही येतात आणि एकवचनात अनेकवचनही येते. २०२२ मध्ये एनडीएत मुलींची पहिली तुकडी दाखल झाली. तेव्हापासून अकादमीतल्या ‘कॅडेट’ या शब्दामागे ‘ही’ही येतो आणि ‘शी’ही.

व्यक्ती मुलगा की मुलगी हे माहीत नसेल, तर इंग्रजीत ‘दे’ वापरतात. ‘समवन हॅज लेफ्ट देअर कॅप’ हे वाक्य ऐकून अनेकांना वाटते की हे नवे फॅड आहे. पण एका व्यक्तीसाठी ‘दे’ वापरल्याच्या नोंदी चौदाव्या शतकापासून मिळतात. मराठीत आपण ‘कोणीतरी आपली टोपी विसरले आहे’ असे म्हणून हेच साधतो.

पालकांसाठीही इथे एक गोष्ट आहे. रविवारी फोनवर मुलगा सांगतो, ‘ते आम्हाला जाऊ देत नाहीत.’ ऐकणाऱ्या आईला वाटते, शाळा. खरे तर ‘ते’ म्हणजे हाउसमधल्या दोन सीनियरांपैकी एखादा असू शकतो, किंवा पावसाळ्यापुरता काढलेला एखादा नियम. काळजी करण्याआधी शांतपणे विचारावे, ‘ते म्हणजे कोण, बाळा?’ अर्धी काळजी तिथेच मिटते, आणि उरलेली खरी असेल तर ती कोणाकडे न्यायची तेही कळते.

इट : जो कोणीच नाही

मराठीत ‘पाऊस पडतोय’, ‘पाच वाजले’, ‘थंडी आहे’ म्हटले की वाक्य पूर्ण होते. इंग्रजी वाक्याला मात्र कर्ता लागतोच. म्हणून ‘इट इज रेनिंग’, ‘इट इज फाइव्ह ओ’क्लॉक’. इथला ‘इट’ कोणत्याही वस्तूच्या जागी आलेला नाही. पथकात संख्या पूर्ण करायला उभा केलेला तो माणूस आहे. आपली मुले घाईत ‘इज रेनिंग’ लिहितात, कारण मराठीत हा रिकामा कर्ता नसतो. एवढे ध्यानात ठेवले तरी पेपरातल्या कितीतरी चुका टळतील.

वन : सर्वनाम आणि संख्याही

‘वन’ हा शब्द दोन्ही घरचा पाहुणा आहे. ‘वन रायफल’मध्ये ती संख्या आहे. ‘द रेड वन’मध्ये तो आधी आलेल्या नामाची जागा घेतो. ‘वन मस्ट डू वन्स ड्यूटी’मध्ये तो ‘माणसाने’ या अर्थाने येतो. ‘वन डे’ म्हणजे ‘एके दिवशी’, आणि क्रिकेटमध्ये ‘एका दिवसाचा सामना’. इंग्रजीतील ‘ॲन’ आणि ‘अ’ ही उपपदेसुद्धा याच शब्दाची झिजलेली रूपे आहेत. ‘अलोन’ म्हणजे ऑल आणि वन, ‘नन’ म्हणजे नॉट वन. ‘इलेव्हन’ म्हणजे दहा मोजून एक उरला, ‘ट्वेल्व्ह’ म्हणजे दोन उरले. आपण उलटे मोजतो. ‘एकोणीस’ म्हणजे वीसला एक उणे. इंग्रज उरलेले सांगतो, आपण कमी पडलेले सांगतो.

परीक्षेसाठी दोन गोष्टी टिपून ठेवा. ‘वन ऑफ द कॅडेट्स’ यानंतर ‘इज’ येते, कारण गैरहजर एकच आहे, बाकीचे हजर आहेत. आणि ‘अ नंबर ऑफ कॅडेट्स’ म्हणजे अनेक कॅडेट, म्हणून ‘आर’. ‘द नंबर ऑफ कॅडेट्स’ म्हणजे कॅडेटांची संख्या, म्हणून ‘इज’. ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांचेही तसेच. ‘वी हॅव अ फ्यू राउंड्स लेफ्ट’ म्हणजे थोड्या गोळ्या आहेत, लढता येईल. ‘वी हॅव फ्यू राउंड्स लेफ्ट’ म्हणजे जवळजवळ संपल्या, मदत पाठवा. फरक एका ‘अ’चा आहे.

आकड्यांची अनेक रूपे

‘सेकंड’ म्हणजे दुसरा, आणि ‘सेकंड’ म्हणजे मिनिटाचा साठावा भाग. दोन्ही एकच शब्द. तासाचे पहिल्यांदा लहान भाग केले ती मिनिटे, आणि दुसऱ्यांदा केले ते सेकंद. सभेत ठरावाला ‘सेकंड’ करणे म्हणजे अनुमोदन देणे. परमवीर चक्र विजेते राम राघोबा राणे आणि अरुण खेत्रपाल हे सेकंड लेफ्टनंट होते. तो हुद्दा आता आपल्या सेनेत दिला जात नाही, पण ‘सेकंड-इन-कमांड’ आजही प्रत्येक पलटणीत असतो.

‘क्वार्टर’ म्हणजे पाव भाग. ‘क्वार्टर पास्ट सिक्स’ म्हणजे सव्वासहा. पण ‘क्वार्टर्स’ म्हणजे राहण्याची जागा, आणि ‘क्वार्टर मास्टर’ पाव भागाचा मास्टर नसतो, हे प्रत्येक कॅडेटला ठाऊक आहे. ‘हाफ लेफ्ट’ म्हणजे काटकोनाचा अर्धा, ४५ अंश. ‘झीरो’चा अर्थ तर जागेनुसार बदलतो. फायरिंग रेंजवर रायफल ‘झीरो’ करतात म्हणजे नेम आणि मार जुळवतात. मोहिमेत ‘झीरो अवर’ म्हणजे कारवाई सुरू होण्याची वेळ. संसदेत तोच ‘शून्य प्रहर’. ‘सिक्सटीन हंड्रेड अवर्स’ म्हणजे सोळाशे तास नव्हेत, दुपारचे चार. ‘टू ओ’क्लॉक’ ही कधी वेळ असते आणि घड्याळ पद्धतीने लक्ष्य दाखवताना ती दिशा असते, समोर बारा धरले तर उजवीकडे ६० अंश.

सैन्याच्या इतिहासातही आकडे आपल्या शब्दाला जागत नाहीत. रोमन सैन्यातील ‘सेंच्युरी’ नावाने शंभराची, पण साम्राज्याच्या काळात तिच्यात साधारण ८० सैनिक असत. ‘डेसिमेट’ म्हणजे दर दहामधला एक मारणे, ही रोमन सैन्यातली शिक्षा होती. आज बातम्यांत तो शब्द ‘प्रचंड नाश’ या अर्थाने येतो. ‘बिलियन’ हा ब्रिटनमध्ये पूर्वी लाख कोटींचा होता. १९७४ पासून तिथल्या सरकारने शंभर कोटींचा अर्थ स्वीकारला. जुने इंग्रजी पुस्तक वाचताना हे लक्षात नसेल तर हजारपटीने चूक होईल.

मराठीतही आकडे नेहमी मोजण्यासाठी येत नाहीत. ‘दोन घास खाऊन जा’ म्हणणारी आजी तिसरा घास हिसकावून घेत नाही. ‘चार लोकांत’ म्हणजे समाजात, ‘सतराशे साठ’ म्हणजे उगाच खूप. ‘नव्याचे नऊ दिवस’ असे आपण म्हणतो आणि इंग्रजही ‘नाइन डेज वंडर’ म्हणतो. दोन्हीकडे नऊच! बोलीत हे सैल आकडे गोड लागतात. आदेशात मात्र आकडा सैल ठेवून चालत नाही. म्हणून वायरलेसवर पंधरा आणि पन्नास यांत घोटाळा होऊ नये यासाठी इंग्रजी आकडे एकेक सुटे सांगतात. ‘वन फाइव्ह’ आणि ‘फाइव्ह झीरो’. ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ खरखरीत सारखे ऐकू येऊ नयेत म्हणून विमान वाहतुकीत नऊला ‘नायनर’ म्हणतात, तर तीनला ‘ट्री’. तिथे ‘यू’ आणि ‘आय’वरही विसंबत नाहीत, प्रत्येकाला कॉल साइन असते.

एका शब्दाची किंमत

२५ ऑक्टोबर १८५४. क्रिमियातील बालाक्लावाची लढाई. ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लन उंच टेकडीवर होते. बाजूच्या उंचवट्यावरून रशियन सैनिक पकडलेल्या तोफा घेऊन चालले आहेत, हे त्यांना तिथून दिसत होते. त्या तोफा नेऊ देऊ नका, असा लेखी हुकूम त्यांनी घोडदळासाठी पाठवला. हुकुमात शब्द होता ‘द गन्स’. ‘द’ म्हणजे ‘त्या’, तुम्हाला-मला माहीत असलेल्या. पण घोडदळाचे प्रमुख लॉर्ड लूकन खाली दरीत होते. त्यांना उंचवट्यावरच्या तोफा दिसत नव्हत्या. हुकूम घेऊन आलेल्या कॅप्टन नोलन यांना त्यांनी विचारले, कोणत्या तोफा? नोलन यांनी हात पुढे करून म्हटले, तो तुमचा शत्रू आणि त्या तुमच्या तोफा. हात दरीच्या टोकाकडे गेला, जिथे रशियन तोफखाना मांडलेला होता, आणि दोन्ही बाजूंनाही शत्रू होता.

लॉर्ड कार्डिगन यांच्यामागे सुमारे ६७० स्वार त्या दरीत घुसले. थोड्या वेळात त्यांतले सुमारे ११० मेले, त्याहून अधिक जखमी झाले किंवा पकडले गेले, आणि शेकडो घोडे गेले. नोलन तर सुरुवातीलाच पडले, त्यामुळे त्यांचा हात नेमका कोणत्या तोफांकडे होता हा वाद आजही मिटलेला नाही. टेनिसन यांनी यावर लिहिलेल्या प्रसिद्ध कवितेत स्वारांची संख्या ‘सहाशे’ अशी गोल येते. कवितेत ते शोभते, हजेरीपटात शोभले नसते.

या स्वारांच्या शौर्याबद्दल प्रश्नच नाही. पण ज्याला सगळे दिसत होते त्याने ‘त्या’ म्हटले आणि ज्याला दिसत नव्हते त्याने ते पाळले. सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जे असते ते ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतेच असे नाही, हा त्यातला धडा आहे.

म्हणूनच आज एनसीसीत शिकवल्या जाणाऱ्या फायर ऑर्डरची चौकट बघा. ग्रुप, रेंज, इंडिकेशन, टाइप ऑफ फायर. म्हणजेच ग्रिट. ग्रुप म्हणजे कोणी, इथे नुसते ‘यू’ चालत नाही. रेंज म्हणजे किती अंतरावर, इथे ‘थोडे पुढे’ चालत नाही. इंडिकेशन म्हणजे कोणते लक्ष्य, इथे ‘ते तिकडे’ चालत नाही. टाइप म्हणजे कसे. मोकळे सोडलेले प्रत्येक सर्वनाम आणि प्रत्येक सैल आकडा या चौकटीत बांधून टाकलेला आहे.

आपणही रोज ही सवय लावू शकतो. बोलताना ‘तो’, ‘ते’, ‘तिकडे’ यांच्या जागी एकदा नाव घ्या. आकड्यापुढे एकक लावा. ऐकताना शंका आली तर ‘कोण? कोणते? किती?’ असे विचारा, आणि आदेश मिळाल्यावर तो परत म्हणून दाखवा. विचारण्यात कमीपणा नाही. लूकन यांनी विचारले होते. त्यांना सरळ उत्तर मिळाले नाही, आणि त्यांनी दुसऱ्यांदा विचारले नाही.

शेवटी एक वाक्यत्रयी. देहरादूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीत फील्ड मार्शल चेटवुड यांचे १९३२ मधील शब्द कोरलेले आहेत. त्यांचा आशय असा की देशाची सुरक्षितता, मान आणि हित नेहमी सर्वप्रथम येते, हाताखालच्या जवानांचा मान, हित आणि सुख त्यानंतर, आणि स्वतःची सोय व सुरक्षितता सर्वांत शेवटी. इंग्रजीत तिथे वारंवार ‘यू’ आणि ‘युअर’ येते. या लेखाच्या सुरुवातीचा प्रश्न तिथेही विचारावा लागतो : यू म्हणजे कोण? एक की अनेक? तू की तुम्ही?

इथे मात्र नजर कोणाकडे आहे हे शोधायची गरज नाही. वाचणारा प्रत्येक जण एकेकटा त्या शब्दासमोर उभा असतो. तिथल्या ‘यू’चा अर्थ ‘मी’, आणि त्या मोजणीत माझा क्रमांक शेवटचा.